धुरपताबाईचं राहिलेलं रडणं

गावात कुणी गेलं की पहिला निरोप धुरपताबाईला जायचा. पाहुणेरावळे मागून. मानवतकडून येताना फाट्यावर उतरून थोडं आत चाललं की हे गाव लागतं, आणि त्या गावात रडणाऱ्या बायांचा काही दुष्काळ नव्हता. पण नुसतं रडणं वेगळं आणि धुरपताबाईचं रडणं वेगळं. ती गेलेल्या माणसाला सुरावर सांगून रडायची. "करपलेली भाकर सोता खायची गं माझी माय, चांगली लेकराला वाढायची गं..." असा तिनं गळा काढला, की ज्या सुनेनं त्या सासूला वर्षभर पाणी विचारलं नव्हतं तिचेही डोळे गळायला लागत. खोटं मात्र ती एक अक्षर बोलायची नाही. माणूस तोंडाचा फाटका असेल तर तेही सांगायची. "शिव्या लय द्यायचा रं माझा दादा, पण दारचं कुत्रं उपाशी न्हाई ठेवलं रं..." रडता रडता बाया पदराआड हसायच्या आणि पुन्हा जोरात रडायच्या. माणूस होता तसाच जायचा, धुतलेला पुसलेला नाही. तिला कुणी बोलावलं म्हणून ती जायची नाही, घरी बसवायचं नाही म्हणून जायची.

मौतीच्या घरून ती परत आली की नवरा, भुजंग, दारातच बादली घेऊन उभा असायचा. तिच्या पायांवर पाणी ओतता ओतता विचारायचा, "आज काय काय सांगितलं?"

ती सगळं सांगायची. मग त्याचा ठरलेला प्रश्न यायचा. "आन् माझ्या टायमाला काय सांगशील?"

"तुमचं काय सांगायचं? म्हनीन, जलमभर चहासाठी तरसवलं मला."

"एवढंच?"

"एवढंच. बाकी काय केलंय तुमी?"

आणि दोघं हसायची. अशी थट्टा करायला काळीज लागतं, किंवा मरण लांब आहे असं वाटावं लागतं. त्या दोघांना दुसरं वाटत होतं.

चहाची गोष्ट खरीच होती. मुलगी राजेश्री शाळेत जायला लागली त्या सुमाराला धुरपताबाईच्या गळ्यावर लिंबाएवढी गाठ आली. नांदेडला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी थायरॉईडची ग्रंथी अख्खीच काढून टाकली आणि सांगितलं, हिचं काम आता गोळी करील. जन्मभर रोज एक गोळी, उठल्याबरोबर उपाशीपोटी, आणि त्यानंतर तासभर चहासुद्धा नाही. आणखी एक सांगितलं, की गोळी शक्यतो एकाच कंपनीची ठेवा. बदलावी लागलीच तर बदला, पण मग दीड-दोन महिन्यांनी रक्त तपासून घ्या. धुरपताबाईच्या कानात यातलं काही शिरलं नाही. ती आपला आवाज गेला की राहिला या धास्तीत होती. भुजंगच्या डोक्यात मात्र पक्कं बसलं, पण अर्धंच. कंपनी बदलायची नाही, एवढं बसलं. बदलली तर काय करायचं, ते नाही बसलं, कारण त्याच्या लेखी ती बदलणारच नव्हती.

तेव्हापासून बाटली संपत आली की तो परभणीला जायचा. मोंढ्यातली, म्हणजे धान्यबाजारातली कामं उरकायची, आणि मेडिकलवर जाऊन जुनी रिकामी बाटली नव्या बाटलीच्या शेजारी ठेवायची. झाकण निळं, पट्टी तशीच, अक्षरं तशीच. मेडिकलवाला वैतागायचा, "अहो मामा, तीच आहे." भुजंग म्हणायचा, "बगू द्या." आणि सकाळी तो तिच्या आधी उठायचा, एक गोळी तळहातावर घेऊन, तांब्या भरून तिच्या उशाशी यायचा. त्या माणसानं आयुष्यात बायकोला कधी नावानं हाक मारली नव्हती. लुगडंही तिचं तिनंच आणायचं. पण ती गोळी तो दुसऱ्या कुणाच्या हातून जाऊ द्यायचा नाही. नंतर तिचा हात चहाच्या पातेल्याकडे गेला की आवाज यायचाच, "घंटा झाला न्हाई आजून."

अशी वर्षं गेली. राजेश्री शिकली, मास्तरीण झाली, लग्न होऊन जिंतूरला गेली. घरात दोघंच राहिली.

मग एका हिवाळ्यात भुजंगला दम लागायला लागला. पायांवर सूज आली. हृदय थकलंय, दगदग बंद, प्रवास बंद, असं सांगून डॉक्टरांनी त्याला बाजेवर बसवलं. संक्रांत झाली आणि निळ्या झाकणाची बाटली तळाला गेली.

"मी परभणीला जाऊन येतो," भुजंग म्हणाला.

"दारापस्तोर जाताना बसायलाव दोनदा, परभणीला कसं जाताव?"

"मग तुला गोळी कोण आनील?"

नाही म्हटलं तर हा माणूस लपून एसटीत बसेल, हे धुरपताबाईला पक्कं ठाऊक होतं. तिनं फाट्यावरच्या दुकानात विचारलं. दुकानदार म्हणाला, "कंपनी दुसरी हाय मावशी, औषध तेच. पावर बी तेवढीच." तो काही खोटं बोलला नाही. तिनं घेतल्या. पण त्या गोळ्या होत्या चकाकत्या पाकिटातल्या, आणि घरी तर बाजेवर पहारेकरी बसलेला. मग गोठ्याच्या आडोशाला बसून तिनं एकेक गोळी पाकिटातून सोडवली, जुन्या बाटलीत भरली आणि बाटली नेऊन त्याच्या हातात दिली. "राजेश्रीनं परभणीहून आनून धाडली, येनाऱ्याजवळ."

भुजंगनं झाकण बघितलं, पट्टी बघितली. "हां," म्हणाला. "हीच."

नवऱ्यासाठी बोललेलं खोटं पाप धरत नाहीत म्हणे. धुरपताबाई खुशीत होती, माणूस घरात राहिला म्हणून. बाटली त्याच्या उशाशी, खिडकीत राहायची. त्याच्या बोटांत जोर नव्हता म्हणून झाकणही ती सैलच ठेवायची. सकाळी भुजंग बाजेवरूनच हाक द्यायचा, ती त्याच्यापुढे तळहात धरायची आणि तो थरथरत्या बोटांनी गोळी ठेवायचा. बाटली संपत आली की ती पुन्हा गोठ्याच्या आडोशाला जायची.

उन्हाळा लागला. परभणीचा उन्हाळा म्हणजे सांगायला नको, दगडाला घाम फुटतो. त्या उन्हाळ्यात धुरपताबाई शाल पांघरून बसायला लागली. तिला हीव वाजायचं. तोंड सुजलं, पाय जड झाले, पातेलं हातात घेऊन ती उभीच राहायची, कशाला घेतलं ते आठवायचं नाही. गळा तर असा बसला की फोनवर राजेश्रीला वाटलं, घरात कुणी पुरुषमाणूस आलंय. लोक म्हणाले, जागरणं व्हायलीत बाईला. ती स्वतःही तेच म्हणाली. आजारी नवरा उशाशी असताना बाई आपल्या अंगाकडे कशाला बघते? भुजंगनं तेवढं बघितलं. "गोळी तर रोज द्यायलोय मी," तो बाटली हलवत म्हणायचा, "मग तुला काहून असं व्हायलंय?" आणि दुसऱ्या दिवशी आणखी काळजीनं, अगदी बोटांनी चाचपून, गोळी तिच्या हातावर ठेवायचा.

जेठ महिन्यात, भर दुपारी, भुजंग गेला.

घर बायांनी भरलं. राजेश्री जिंतूरहून पोचली ती उंबऱ्यातच कोसळली. आणि सगळ्या बाया धुरपताबाईकडे बघायला लागल्या. ज्या बाईनं अख्ख्या गावाला सुरावर वाटेला लावलं, ती आपल्या माणसाला कसं लावते, हे ऐकायला शेजारच्या वाडीतल्या बायाही आल्या होत्या. खोटं कशाला सांगा, काही त्याचसाठी आल्या होत्या. धुरपताबाई मढ्याच्या उशाशी बसली होती. तिनं तोंड उघडलं. घशातून एक खर्जातली, घोगरी घरघर आली आणि थांबली. डोळे कोरडेच. तिनं पुन्हा तोंड उघडलं आणि मिटलं. बांगड्या उतरवल्या तेव्हाही ती हाताकडे बघत राहिली, जसा काही तो दुसऱ्या कुणाचा हात होता.

तिरडी उचलली. भुजंग गुपचूप गेला. आयुष्यभर जे विचारत होता ते त्याला ऐकायला मिळालं नाही.

आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही तर जगाची रीतच. समोरच्या घरातली तानुबाई, तात्यारावाची बायको, जिभेची तिखट. ती पाणवठ्यावर बोलली, "लोकाच्या मढ्यावर गळा आन् नवऱ्याच्या मढ्यावर कुलूप." वाक्य असं झकास जमलं की संध्याकाळपर्यंत गावभर झालं, आणि दुसऱ्या दिवशी धुरपताबाईच्या कानावर आलं. तिला राग यायला हवा होता. राग आला नाही. तीच गोष्ट तिला आतून खात होती. माणूस गेला, हे तिला समजत होतं, जसं कुणी सांगितलेलं समजतं. पण काळजात काही हलत नव्हतं. ती रात्री निजताना बाजेकडे बघायची आणि मनाशी म्हणायची, मी दगड हाय. आजवर जे रडले ते सोंग असंल. एवढं संसाराचं माणूस गेलं, आन् मला झोप यायलीय.

कुणाची मौत झाली तर आता तिला निरोप जाईना. आणि ती आपण होऊन जाईना.

मौतीच्या गर्दीत राजेश्रीचं आईकडे लक्ष गेलं नव्हतं; तेराव्यानंतर ती पुन्हा सुट्टी काढून आली ती आईला बघून हादरली. दुःखानं माणूस वाळतं, ही सुजली होती. हाक मारली की ओ यायला वेळ लागत होता. तिनं आईला एसटीत घातलं आणि परभणीला नेलं. रक्ताचा कागद बघून डॉक्टरबाईंच्या कपाळावर आठ्या आल्या.

"गोळी बंद केलीय का मावशी?"

"न्हाई. रोज घेते."

"आई, खरं सांग," राजेश्री म्हणाली.

धुरपताबाईनं पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. निळं झाकण, तीच पट्टी. डॉक्टरबाईंनी बाटली तळहातावर उपडी केली, गोळी बोटात धरून उजेडात बघितली, तिच्यावरची रेघ बघितली. मग शांतपणे विचारलं, "बाटली एका कंपनीची आणि गोळी दुसऱ्या कंपनीची, असं कसं?"

तेव्हा धुरपताबाईनं सांगितलं. गोठ्याचा आडोसा, पाकीट, खिडकी, सैल झाकण, सगळं. तिला वाटलं हा काही मोठा गुन्हा नाही.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "औषध तेच असतं मावशी, वाईट नसतं. पण कंपनी बदलली की अंगात लागायला थोडा फरक पडू शकतो. तुमची तर ग्रंथीच काढलेली, सगळी भिस्त गोळीवर. म्हणून बदलल्यावर रक्त तपासून मात्रा जुळवायची असते. ते राहिलं. आणि पाकिटातून काढून उन्हात, उघड्या बाटलीत ठेवली, तर गोळीचा गुण आणखी उतरतो. अंग सुजणं, गारठणं, आवाज बसणं, मन सुन्न होणं, हे सगळं त्याचंच असणार."

शेवटचं वाक्य धुरपताबाईच्या कानात अडकलं. ती म्हणाली, "मन बी?"

"हो, मनसुद्धा."

"रडू बी?"

डॉक्टरबाईंना प्रश्न कळला नाही. राजेश्रीला कळला. तिनं तोंड फिरवलं आणि पदर डोळ्यांना लावला. धुरपताबाई मात्र टेबलावरच्या गोळीकडे बघत होती. "त्यायच्याच हातानं द्यायचे वं बाई ते," ती हळूच म्हणाली. "कमी गुनाची गोळी त्यायच्या हातानं घेतली मी. त्यायला म्हाईत बी न्हवतं."

नवी मात्रा ठरली, कंपनी एकच ठरली, पुन्हा रक्त कधी तपासायचं ते राजेश्रीनं फोनमध्ये घालून ठेवलं. पोळ्यापर्यंत शाल सुटली. दिवाळीच्या आधी सूज उतरली आणि एक दिवस शेळीला हाक मारताना तिचा आवाज असा खणखणीत निघाला की तीच दचकली. अंगावरचं ओझं उतरलं तशी खरी पंचाईत झाली. कारण त्या ओझ्याखाली भुजंग होता. सकाळी उठून ती तळहात पुढे करायची आणि मग आठवायचं. दारातल्या कोरड्या बादलीपाशी ती उभी राहायची. जे जेठात यायला हवं होतं ते कार्तिकात आलं, आणि आलं ते पुरासारखं नाही, रोज थोडं थोडं, चिमट्यासारखं.

पण रडू काही फुटेना. एकदा कापसाच्या रानात, आजूबाजूला कुणी नाही बघून तिनं गळा काढून बघितला. आवाज होता, शब्द होते, सूर लागेना. एकटीनं रडायची तिला सवयच नव्हती. तिचं रडणं बायांच्या घोळक्यातलं, कुणाच्या तरी गळ्यात पडून. आणि आता कुणाच्या गळ्यात पडायचं? सहा महिने व्हायला आलेल्या मयतावर रडायला कोण बसतं? लोकांच्या लेखी माती पार पडली होती, तेरावा झाला होता, जेवून माणसं घरी गेली होती. तिचंच तेवढं राहिलं होतं. आता ते राहणारच, असं तिनं धरून टाकलं, आणि हे धरणं फार वाईट होतं.

पुसाच्या थंडीत एका पहाटे समोरच्या घरातून आरोळी आली. तात्याराव गेला होता, झोपेतच. धुरपताबाईनं नुकतीच गोळी घेतली होती, आता तिची तीच घेत होती. तांब्या तसाच ठेवून ती दारात आली. जावं की न जावं? समोर तानुबाईचं घर, जिनं ते वाक्य केलं होतं. पण राग धरून मौतीचं दार टाळावं, हे तिच्या रक्तात नव्हतं. ती रस्ता ओलांडून गेली आणि बायांच्या मागं, भिंतीला टेकून बसली.

बायांनी मागं वळून बघितलं. एकमेकींना कोपरानं ढोसलं. तानुबाई मढ्याशी बसून नुसती हुंदके देत होती, जीभ पार लुळी पडलेली. तिनंही एकदा मान वर करून धुरपताबाईकडे बघितलं. त्या बघण्यात वैर नव्हतं, मागणं होतं. धुरपताबाईनं तात्यारावाचं काही आठवून बघितलं. त्याचं मोठ्यानं खोकणं, बैलाशी बोलणं. शब्द जमत होते. सूर मात्र लागेना. पुन्हा तेच. पुन्हा कुलूप.

मौतीच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारची सून किटलीभर चहा घेऊन आली, पहाटेच येऊन बसलेल्यांसाठी. ती बशा देत देत भिंतीपर्यंत आली. "घ्या मावशी. थंडी लय हाय."

धुरपताबाईनं बशी हातात घेतली. मग सवयीनं, काही मनात न आणता, म्हणाली, "थांब माय, आत्ताच गोळी घेतलीय. घंटा झाला न्हाई आजून."

आणि स्वतःच्या तोंडून निघालेले ते शब्द ऐकून ती थिजली. बशी कलंडली. आणि त्या घराच्या वाशांना हादरा बसावा असा हंबरडा तिच्या तोंडून फुटला.

"चहा पिऊ देत न्हवता गं मला माझा धनी... घंटाभर पिऊ देत न्हवता गं... चूल पेटलेली, दूध उतू चाललेलं, तरी घंटा झाला न्हाई म्हनायचा गं..."

बाया सटपटल्या. एकजण पुढं सरकून तिच्या खांद्याला हात लावून पुटपुटली, "अवं, तात्यारावाचं सांग की. हे तर तुझ्या घरचं..."

"राहू दे." तानुबाई बोलली. तिचा आवाज घोगरा झाला होता. "रडू द्या तिला. तिचं राहिलेलं हाय." आणि ती नवऱ्याच्या उशापासून उठली, बायांमधून वाट काढत भिंतीपाशी आली आणि धुरपताबाईच्या गळ्यात पडली.

मग धुरपताबाईला कुणी अडवू शकलं नसतं. तिनं बाटलीला बाटली लावून बघणारा माणूस सांगितला. दारातली बादली सांगितली. उन्हाळ्यात बाजेवर बसून थरथरत्या बोटांनी दिलेली गोळी सांगितली. "मीच फसवलं गं माझ्या धन्याला, बाटली तीच दाखवली गं, आन् त्यायच्याच हातानं माझा गळा बंद झाला गं..." तेही सांगितलं, लपवलं नाही. त्याचे अवगुण सांगितले, हट्टी होता, लुगडं कधी आणलं नाही, नावानं हाक नाही मारली. आणि अगदी शेवटी, दम संपत आला तेव्हा, थट्टेत जे ती आयुष्यभर अर्धंच सांगत आली होती ते पुरं केलं.

"मला पिऊ दिला न्हाई गं चहा... आन् सोता बी पिला न्हाई गं... माझ्यासंगं घंटाभर बसून राह्यचा गं, पातेल्याकडं बगत..."

तानुबाईनं तिला आणखी घट्ट धरलं. बाहेर पुरुषमाणसं बांबू बांधायची थांबली होती. थोड्या वेळानं धुरपताबाईनं पदरानं तोंड पुसलं, तानुबाईचंही पुसलं, तिला हाताला धरून तात्यारावापाशी नेऊन बसवलं, आणि तिच्या शेजारी बसून त्याच सुरात तात्यारावाचं सुरू केलं.